मीटिंगचा टँकर

"पन्नास माणसं? अहो सर, पन्नास तर नुसत्या माझ्या गल्लीत निघतील!"

बसवराज हे बोलला तेव्हा तो नांदेडात होता आणि त्याची गल्ली होती लातुरात. एवढ्या लांबून मारलेली बढाई आपल्या अंगावर येत नाही, अशी त्याची समजूत होती. समोर मार्तंडसर होते. नांदेडच्या एका कॉलेजात कंप्यूटर शिकवायचे आणि दर महिन्याला एका रविवारी गावातल्या डेव्हलपर लोकांना एका खोलीत जमवायचे. कुणी एक उभा राहून आपण नवीन काय शिकलो ते सांगायचा, बाकीचे त्याला खोदून खोदून विचारायचे, मग चहा, आणि चहासोबत भाषणाहून लांब गप्पा! बसवराज त्यासाठी लातूरहून पहाटेची एसटी धरून यायचा. गेल्या वर्षभरात त्याची एकही बैठक चुकली नव्हती.

"लातूरला आम्ही एकदा येऊन गेलोय," मार्तंडसर शांतपणे म्हणाले. "तिघं आले होते. त्यातला एक प्रिंटर दुरुस्त होईल का विचारायला आला होता."

"तेव्हा मी नव्हतो, सर!"

"ठीक. पुढची बैठक लातूरला. पन्नास माणसं आली, तर एक महिना नांदेड, एक महिना लातूर. ग्रुपच्या नावातही लातूर घालू. नाही आली, तर तू आहेस आणि तुझी एसटी आहे."

"लिहून घ्या सर," बसवराज म्हणाला.

ही नुसती फुशारकी नव्हती बरं का. पोराच्या मनात खरंच काही तरी सलत होतं. पुण्याची नोकरी न सोडता तो लातूरला घरी येऊन राहिला होता आणि माडीवरच्या खोलीत बसून काम करायचा. घरचं जेवण होतं, सगळं सुख होतं, फक्त बोलायला माणूस नव्हतं. एकदा तीन दिवस छळणारी प्रोग्रामातली चूक सापडली, तेव्हा तो धडधडा जिना उतरून स्वयंपाकघरात आला.

"आई, सापडली!"

"काय रं, चप्पल?" महानंदाबाईंनी विचारलं.

"न्हाई, चूक सापडली!"

"कुनाची?"

"माझीच."

"मग त्यात एवढं हसाय काय झालं? जेवून घे."

असं दोन-चारदा झाल्यावर त्यानं खाली येणं बंद केलं. त्यात कंपनीनं विचारलं होतं, जूनपासून पुण्याला येतोस का? उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती. घरात त्यानं सांगितलं नव्हतं, पण मनाशी ठरवलं होतं: लातूरला बैठक सुरू झाली तर राहायचं, नाही तर बॅग भरायची. एकट्यानं किती दिवस भिंतीशी बोलायचं?

आता ते वर्ष कोणतं, हे लातूरकरांना सांगायची गरज नाही. ज्या वर्षी आमच्या गावाला पाणी रेल्वेत बसून आलं, तेच ते वर्ष! नळ म्हणजे भिंतीला असलेली शोभेची वस्तू झाली होती. टँकरला नंबर लावायचा आणि वाट बघायची. लोक विचारायचे, "काय, कसं काय?" तर उत्तर यायचं, "कालच आला." कोण आला हे सांगावं लागत नव्हतं.

जागा मात्र बसवराजला घरचीच मिळाली. त्याचे वडील सिद्रामप्पा यांचं बाजारपेठेत गोलाईजवळ भांड्याचं दुकान होतं आणि दुकानावर मोठी माडी. त्या माडीवर घागरी, पातेली आणि प्लास्टिकची पिंपं छतापर्यंत रचलेली. त्या साली गावात एकच धंदा तेजीत होता आणि तो सिद्रामप्पांचा होता. घागरी एका बाजूला सारून, सतरंज्या टाकून बैठकीला जागा झाली. बसवराजनं निमंत्रण लिहिलं आणि पाठवायच्या आधी कौतुकानं वडिलांना दाखवलं.

सिद्रामप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि चष्मा काढला.

"बसू, हे शेवटी काय लिव्हलास? 'येताना लॅपटॉप व पिण्याचे पाणी सोबत आणावे'?"

"अप्पा, सगळेच लिहायलेत आता. परवाच्या लग्नाच्या पत्रिकेत पण होतं."

"त्येंची इज्जत त्येंच्यापाशी! आपलं भांड्याचं दुकान हाय. गावाला घागरी इकायच्या आन् पावण्याला म्हनायचं, पानी तुझं तू आन? उद्या मला गोलाईत कोन उभं करंल?"

आतून महानंदाबाई आल्या. "आमच्या माहेरी दुश्मन आला तरी आधी गूळ-पाणी द्यायचे. भांडण मागून! नांदेडचे पावणे आपल्या दारात येऊन बाटलीतलं पाणी पिणार? मी जिती हाय अजून!"

"पण आई, पाणी आणायचं कुठून?"

"त्येचा जिम्मा माझा," सिद्रामप्पा म्हणाले. "तू तुझं कंप्यूटर बघ. ती वळ आधी खोड."

बसवराजनं ती ओळ खोडली आणि निमंत्रण लातूर डेव्हलपर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सिद्रामप्पांच्या डोक्यात बेत तयार होता आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. घरच्या टँकरला त्यांनी कधीचा नंबर लावला होता आणि तो नेमका बैठकीच्या रविवारी येणार होता. वाटेत दुकानापुढं जरा थांबवायचा, पावण्यांसाठी एक पिंप भरून घ्यायचं आणि मग टँकर घरी नेऊन हौदात रिकामा करायचा. एका दगडात दोन पक्षी! बेत इतका सरळ होता की तो बिघडायला जागाच नव्हती.

रविवार उजाडला. निमंत्रणाखाली साठाच्या वर लोकांनी 'नक्की येणार' म्हणून कळवलं होतं. बसवराजनं नवा शर्ट घातला, भिंतीवर प्रोजेक्टरच्या पडद्याऐवजी पांढरी चादर ताणली आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. आधी आले मार्तंडसर आणि त्यांच्यासोबत त्या दिवशी बोलणार होत्या त्या सौदामिनी मॅडम. नांदेडच्या ग्रुपात ही एकच बाई. कामात एकदम पक्की! त्यांचा विषय होता, एकाच वेळी हजारो लोक वेबसाइटवर आले तर ती कोलमडू नये म्हणून काय करावं.

महानंदाबाईंनी लगबगीनं पुढं येऊन वाटी धरली. "गूळ घ्या. पाणी येतंच हाय."

दोघांनी गूळ घेतला. पाणी येतंच होतं. म्हणून थोड्या वेळानं आणखी एकदा गूळ घेतला.

मग लातूरची तीन पोरं आली. मग वीरण्णा आला. वीरण्णा उदगीरचा, तिथं दुकानदारांच्या वेबसाइट करायचा. त्या साली पेपरात रोज नव्या जिल्ह्यांच्या बातम्या होत्या, आणि सरकारनं ठरवायच्या आधी वीरण्णानं ठरवून टाकलं होतं की उदगीर जिल्हा झाला! लातूर डेव्हलपर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून तो तत्त्वासाठी बाहेर पडला होता. त्यानं उदगीरचा वेगळा ग्रुप काढला होता. त्यात तो एकटाच होता, त्यामुळं ग्रुपात अजिबात भांडणं नव्हती.

"मी आलो, पण मला लातुरात धरू नका," तो बसताना म्हणाला. "मी शेजारच्या जिल्ह्यातून आलोय."

त्यानंतर जिन्यात कुणाचं पाऊल वाजलंच नाही. वाजत होता तो बसवराजचा फोन. 'भाऊ, गल्लीत टँकर आलाय, घरी कुणी नाही.' 'बस्या, नंबर आमचाच आहे, पाइप धरून उभा आहे.' 'येणारच होतो, पण आई म्हणते पाणी भर मग जा.' साठ जणांनी साठ कारणं दिली नाहीत, एकच दिलं! बसवराजला राग तरी कसा यावा?

"मोजू का?" मार्तंडसरांनी विचारलं.

"थांबा की सर. मोजण्याएवढे होऊ द्या."

"हजारो लोक एकदम आले तर काय, हा माझा विषय आहे," सौदामिनी मॅडम हसून म्हणाल्या. "आत्ता तरी वेबसाइटला धोका नाही. सुरू करू या?"

त्यांनी सुरुवात केली आणि दोनच वाक्यं झाली असतील, खालून घरघर आली. लातूरची तिन्ही पोरं एकाच झटक्यात उठून उभी राहिली. त्या वर्षी लातूरचं माणूस गाढ झोपेतसुद्धा टँकरचा आवाज ओळखायचं. वीरण्णासुद्धा उठला, मग आपण दुसऱ्या जिल्ह्यातले आहोत हे आठवून परत बसला.

खाली सिद्रामप्पा पिंपाचं झाकण काढून तयारच होते. टँकर थांबला मात्र, त्यांना पाइप ओढायलाही वेळ मिळाला नाही. मागच्या गल्लीतून केवळाबाई दोन घागरी घेऊन आल्या आणि त्यांच्या मागून अख्खी गल्ली आली! केवळाबाई म्हणजे त्या गल्लीच्या पाण्याच्या फौजदार. रांग कुठून सुरू होणार, मधी कोण घुसलं, सगळं त्यांच्या नजरेत.

"अप्पा, लई चांगलं केलात! गल्लीसाठी टँकर आणलात!"

"ओ केवळाबाई, ह्यो गल्लीचा न्हाई."

"मग कुनाचा?"

आता सिद्रामप्पा व्यापारी माणूस. माझ्या घरचा आहे म्हणावं तर वर्षभराची गिऱ्हाइकं समोर उभी. त्यांनी हुशारी केली.

"ह्यो मीटिंगचा हाय! वर माडीवर कंप्यूटरची मीटिंग चालू हाय, तिला आलेल्या मान्सांसाठी!"

केवळाबाईंनी क्षणभर विचार केला. "मग आमी मीटिंगलाच आलाव की."

"मीटिंग पुरी ऐकावी लागंल! मधी उठला त्याला थेंब मिळायचा न्हाई!" सिद्रामप्पा जोरात म्हणाले. एवढं ऐकून मंडळी घरी जातील, असा त्यांचा अंदाज.

"घागरी जिन्याखाली ठिवा गं," केवळाबाईंनी मागं वळून हुकूम दिला. "वर आवाज करू नका. चला!"

आणि माडी भरायला लागली. बायका आल्या, म्हातारे आले, कडेवर पोरं आली. सतरंज्या संपल्या तशी माणसं उपड्या पातेल्यांवर बसली. इतकी माणसं, पण हूं की चूं नाही! सगळे मुकाट भिंतीवरच्या चादरीकडं बघायला लागले.

मार्तंडसरांच्या हातातला गूळ हातातच राहिला. "बसवराज, हे सगळे..."

खरं सांगायची ती वेळ होती. बसवराजला ते कळतही होतं. जिन्यात वडील दिसत होते, खूण करून काही तरी सांगत होते, आणि त्याला सगळा प्रकार एका क्षणात उमजला. पण डोळ्यांपुढं ग्रुपच्या नावातलं लातूर उभं राहिलं आणि जीभ आपोआप वळली.

"लातूर पॅटर्न, सर. शिक्षणाचं वेड आहे आमच्याकडं."

"आणि महिला इतक्या!" मार्तंडसर गहिवरले. शेजारीच केवळाबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडं वळून त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण कुठं काम करता?"

"घरीच की."

"घरूनच? आणि वेळा?"

"त्येला कसली आलीय वेळ? पहाटं उठल्यापासनं रातच्याला पाठ टेकस्तोवर."

"सुट्टी?"

"सुट्टी कोन देतंय बाबा!"

"आयटीचं हे असंच आहे," मार्तंडसर हळहळून म्हणाले.

इकडं सौदामिनी मॅडमना नवा हुरूप आला. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. "समजा, हजार माणसं एकाच वेळी एकाच जागी आली. काय होईल?"

"मारामारी!" अर्धी माडी एका आवाजात म्हणाली.

"अगदी बरोबर! मग आपण काय करायचं?"

"नंबर लावायचे!"

"आणि एकच माणूस पुन्हा पुन्हा मागायला लागला तर?"

"त्येची घागर नालीत फेकायची!" केवळाबाई ओरडल्या. सगळीकडून "हाव, हाव" झालं. मॅडमना हे उदाहरण इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच लॅपटॉपवर काढून चादरीवर दाखवलं. मार्तंडसर मान डोलवत होते. बसवराजच्या कपाळावर घाम, आणि तो धुवायलाही घरात पाणी उरणार की नाही याची त्याला अजून कल्पना नव्हती!

भाषण संपत आलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही प्रश्न?"

लातूरच्या तिघांपैकी एकानं हात वर केला. बिचाऱ्याला खरंच शंका होती. सगळ्या माडीनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं कुणाची घागर पळवली.

"हात खाली घे, मुडद्या!" मागून एक बाई पुटपुटली. दुसरीनं त्याचा शर्ट धरून खाली ओढला.

"न्हाई न्हाई, समदं कळलं!" केवळाबाईंनी सगळ्यांच्या वतीनं जाहीर केलं. "लई झ्याक सांगितलात बाई!"

"इतके मन लावून ऐकणारे लोक मी आजवर पाहिले नाहीत," सौदामिनी मॅडम म्हणाल्या. "मी याचा दुसरा भाग पुढच्या वेळेसाठी ठेवला होता. पण तुमचा उत्साह बघून तोही आत्ताच सांगते!"

माडीवरून एक लांब सुस्कारा निघाला. पण एकही माणूस उठला नाही. थेंब मिळायचा नाही, हे सगळ्यांच्या लक्षात होतं.

दुसरा भागही संपला. मग मार्तंडसर उठले. ते म्हणाले, "मी बसवराजला पन्नास म्हटलं होतं. इथं शंभराच्या वर आहेत. मी हरलो, आणि हरल्याचा मला आनंद आहे." बसवराजचा ऊर भरून आला. आईनं कोपऱ्यातून पदरानं डोळे टिपले. "आता फक्त सांगा, पुढच्या महिन्यात कोण कोण येणार?"

सगळे हात वर गेले. कडेवरच्या पोरांचेही आयांनी वर धरले.

"येणार की," केवळाबाई म्हणाल्या. "फकस्त पुढच्या बारीला टँकर मोठा आणा. ह्यो एवढ्यास्नी पुरायचा न्हाई."

"टँकर?" मार्तंडसरांनी विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत खाली भोंगा वाजला. ड्रायव्हर ओरडत होता, "ओ अप्पा, मला दुसरी खेप हाय! भरायचं तर भरा!"

पुढं काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. माडीवर शंभर माणसं होती आणि पुढच्या क्षणी नव्हती, एवढं नक्की. ज्यांनी घागरी आणल्या नव्हत्या त्यांनी रचलेल्या उचलल्या. घागरींची चळत कोसळली आणि गडगडत जिन्यावरून माणसांच्या पुढं निघाली. "खात्यावर मांडून ठिवा, मांडून ठिवा!" म्हणत सिद्रामप्पा धावले, तेव्हा मांडून ठेवायचं ते भांड्यांचं की पाण्याचं, हे विचारायलाही कुणी थांबलं नाही. भिंतीवरच्या चादरीवर 'धन्यवाद' हा शब्द तेवढा चमकत राहिला.

शांत झालं तेव्हा खाली पाइप तोंडातून एक-एक थेंब सोडत होता. पावण्यांसाठी ठेवलेलं पिंप कोरडं होतं. त्यात केवळाबाईंच्या नातवानं खेळायला बसकण मारली होती.

मार्तंडसर माडीवरून उतरले. त्यांनी बसवराजकडं बघितलं. "हे पन्नासात धरायचे का?"

"न्हाई सर," बसवराज खाली मान घालून म्हणाला. त्याला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चुकलंच माझं."

"मग खरे डेव्हलपर चार."

"तीन," वीरण्णा मागून म्हणाला. "मी उदगीरचा."

मार्तंडसर बोलणार होते, पण सकाळपासून खाल्लेला गूळ घशाशी आला होता. त्यांनी खाकरून विचारलं, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

महानंदाबाईंच्या हातात तांब्या होता. त्यांनी तो उपडा केला. एक थेंबही पडला नाही. त्या माउलीच्या चेहऱ्याकडं बघवेना. मार्तंडसरांनी हळूच पिशवीतून बाटली काढली.

"लातूरला निघालो म्हटल्यावर आमच्या घरच्यांनी हिच्याशिवाय सोडलंच नाही," ते ओशाळून म्हणाले. दोन घोट घेऊन त्यांनी बाटली पुढं केली. "घ्या. तुम्हीही घ्या थोडं."

पावण्यानं आणलेलं पाणी यजमानांनी प्यायलं! सिद्रामप्पांनी एक घोट घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

स्टँडवर पोचवायला गेल्यावर बसवराजनं सौदामिनी मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. खिडकीतून खालचा टँकर आणि बायकांच्या घागरी बघितल्या होत्या मी."

"मग बोलत का राहिलात?"

"एवढ्या बायका समोर बसल्यात आणि मी प्रोग्रामिंगवर बोलतेय, असं परत कधी होणार? पाण्यासाठी का होईना, बसल्या होत्या!" आणि त्या हसत एसटीत चढल्या. मार्तंडसर हसले नाहीत. ग्रुपच्या नावाचा विषय त्यांनी काढला नाही आणि बसवराजनंही काढला नाही.

घरी आल्यावर हौदाचं झाकण उघडून बघितलं. आत एक पाल होती, तीही तहानलेली दिसत होती. टँकरचा पुढचा नंबर दोन हप्त्यांनी! पिण्यापुरतं शेजारून आलं, पण आंघोळीचं नाव काढायची सोय नव्हती. बसवराज खोलीत गेला आणि कंपनीला पत्र लिहायला बसला. 'जूनपासून पुण्याला यायला मी तयार आहे.' एवढं लिहून तो बघत राहिला. मनापासून वाईट वाटत होतं. तेवढ्यात फोन आला. शंका विचारताना खाली ओढला गेलेला तोच पोरगा.

"बस्या, मला त्या दुसऱ्या भागातलं एक कळलं नाही रे."

"कळून काय करतोस आता? मीटिंग बुडाली."

"बुडाली कशी? झाली की! आम्ही तिघं काय वेडे म्हणून आलतो? आमच्या पण गल्लीत टँकर आलता आज. सोडून आलतो. आता तिघांच्याबी घरी बोंब चालू हाय, आंघोळ नाही."

हे बसवराजच्या ध्यानीमनी नव्हतं. साठ जणांनी पाण्यासाठी मीटिंग सोडली आणि या तिघांनी मीटिंगसाठी पाणी सोडलं होतं! आणि तो सकाळपासून पन्नासच मोजत बसला होता. पत्र तसंच ठेवून त्यानं विचारलं, "मार्तंडसरांच्या घरी बोअरला पाणी आहे, माहीत आहे का?"

पुढच्या रविवारी पहाटेच्या एसटीत चौघं चढले. अहमदपूरला वीरण्णा चढला. पाचही जणांच्या बॅगेत लॅपटॉप आणि गळ्यात टॉवेल! ती शंका अहमदपूरच्या आधी निघाली आणि लोहा आलं तरी मिटेना. पाच जण एकाच वेळी बोलत होते, तिकिटाच्या मागच्या बाजूला आकृत्या काढत होते. कंडक्टर शेवटी हात जोडून म्हणाला, "ओ इंजिनियर, बाकीच्या पॅसिंजरला झोपू द्या की!" बसवराजला एकदम जाणवलं, वर्षभर याच रस्त्यानं आपण खिडकीला डोकं टेकून एकटे आलो. त्यानं फोन काढला, ते पत्र उघडलं आणि खोडून टाकलं. 'मी लातूरलाच राहतो,' असं लिहून पाठवून दिलं, आणि परत भांडायला वळला.

मार्तंडसरांनी दार उघडलं. त्या दिवशी नांदेडात कसलीच बैठक नव्हती. समोर पाच जण, पाच टॉवेल.

"काय रे? आजचा विषय काय?"

"आंघोळ, सर," बसवराज म्हणाला.

सर आधी गंभीर राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि हसता हसता त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. त्यांनी बादली काढून दिली. पाचांनी ओळीनं नंबर लावले. वीरण्णा अंगणात उभा राहून म्हणाला, "उदगीरला वेगळी बादली पाहिजे!" आणि सरांनी ती दिली. आंघोळी झाल्यावर ओल्या डोक्यांनी सगळे ओसरीवर बसले. तिथं सौदामिनी मॅडमना बोलावणं गेलं आणि दुसऱ्या भागावर पार दुपार कलंडेपर्यंत चर्चा झाली.

परतीच्या एसटीत पाचांचे फोन एकदम वाजले. ग्रुपचं नाव बदललं होतं: 'नांदेड-लातूर डेव्हलपर्स'. जरा वेळानं पुन्हा बदललं: 'नांदेड-लातूर-उदगीर (नियोजित) डेव्हलपर्स'. वीरण्णानं ते नाव शेजारच्या म्हाताऱ्याला वाचून दाखवलं.

आणि मागोमाग पुढच्या बैठकीचं निमंत्रण आलं. मार्तंडसरांनी स्वतः लिहिलं होतं: 'ठिकाण: सिद्रामप्पांची माडी, लातूर. येताना लॅपटॉप व पिण्याचे पाणी सोबत आणावे. यजमानांसाठी एक बाटली जास्तीची आणावी.'

हे निमंत्रण बसवराजनं अजून घरी दाखवलेलं नाही. तुम्ही गोलाईत कधी भांडी घ्यायला गेलात, तर कृपा करून तुम्हीही विषय काढू नका.